केवलगिरीच्या व्हिडिओंना जागा

“…मग त्या धोंडगिरीचेच व्हिडिओ कसे अडत नाहीत, बाबा?”

नऊशे पायऱ्या चढून आलेल्या केवलगिरीने झोळी खुंटीला अडकवली आणि दम खायच्या आधीच हा प्रश्न टाकला.

दोघांचेही गुरू, हंसगिरी बाबा, मठाच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यांनी एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला, फेकला.

“कसले व्हिडिओ?”

“आसनांचे! माझ्या वेबसाइटवर त्रेसष्ट आहेत. त्याच्या वेबसाइटवर अवघे अकरा. आणि त्यातल्या तिनात मागून म्हैस जाते.”

“ती कोणतं आसन करते?”

“थट्टा नको, बाबा. उद्या सकाळी तालुक्यातले मुख्याध्यापक आमच्या दोघांच्या वेबसाइट उघडणार आणि एकाला शाळांचा योगशिक्षक नेमणार. माझे व्हिडिओ आज संध्याकाळीच बंद पडणार!”

“ते का?”

केवलगिरीने समजावून सांगितलं. व्हिडिओ एका कंपनीच्या जागेत भाड्याने ठेवलेत. कुणी पाहिला की महिन्याच्या कोट्यातून तेवढं कापलं जातं. पूर्वी कोटा महिनाभर पुरून उरायचा. या खेपेला बारा तारखेलाच तळ दिसतोय. मोठी जागा घ्यायची, तर भाडं ऐकूनच घाम फुटतो.

“स्वस्तातली जागा कुठे मिळेल, तेवढं सांगा. सगळ्यांना विचारून झालं.”

“धोंडगिरीला विचारलंस?”

त्या क्षणी केवलगिरीच्या तोंडाजवळ दुधाचं पातेलं धरलं असतं, तर विरजण लावायची गरज पडली नसती.

“मरेन, पण त्याला विचारणार नाही.”

“सांगेल की तो. परवाच येऊन गेला. फुकटच्या जागेवर ठेवलेत म्हणाला, आणि तिथून आपल्या वेबसाइटवर नुसते चिकटवलेत. केवलदादालाही करून देतो म्हणाला. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणे.”

“सांगेल म्हणूनच तर विचारत नाही!”

बाबा तांदूळ निवडत राहिले…

“गुडघे सैल सोडा,” कुणीतरी म्हणालं.

बाबांनी गुडघे सैल सोडले.

“आता दोन्ही हात वर.”

बाबांनी सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

“छान! चेहऱ्यावर हसू ठेवा.”

बाबा हसले. आवाज खुंटीवरच्या झोळीतून येत होता. केवलगिरी झेपावला, पण ऐंशी वर्षांचे बाबा त्याच्या आधी खुंटीपाशी पोचले होते. कसे, ते मठातल्या कुणालाही आजवर सांगता आलेलं नाही.

झोळीतून दोन मोबाइल निघाले. दोन्हींत केवलगिरी होता. एकात सरळ, एकात डोक्यावर उभा.

“हे कोण बघतंय?”

“कुणी नाही… आपोआप चालू राहतात. एक संपला की दुसरा.”

“कधीपासून?”

“एक तारखेपासून.” केवलगिरी ओट्याच्या कडेला बसला. “धोंडगिरीचे व्हिडिओ पाहिल्याचा आकडा साडेतीन हजारांवर गेला होता, बाबा. म्हैस मध्ये येऊनसुद्धा! मला त्याच्या पुढे जायचं होतं.”

“गेलास?”

“चार हजार झाले.” एवढ्यातही त्याची छाती जराशी फुगलीच.

“त्यातले लोक किती?”

समोरच्या डोंगरावरून एक घार गेली. परत आली.

“एकोणीस,” केवलगिरी म्हणाला. “बाकी…”

त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

बाबांनी दोन्ही मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवले आणि सूप पुन्हा जवळ ओढलं.

“चार हजार वेळा एकाच माणसाला शिकवलंस,” ते म्हणाले. “काही शिकला का रे तो?”