अळणी पान

पूर्वी वेणुकच्छ नगरीत पुष्कर नावाचा तरुण राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते.

उत्तरेला शैलकूटचे बलाढ्य राज्य होते. वेणुकच्छात मीठ येई ते शैलकूटच्या खाणींतून, आणि शैलकूटचे घोडे हिवाळ्यात चरत ते वेणुकच्छच्या कुरणांत. त्या वर्षी शैलकूटच्या सैन्याने आपल्याच हद्दीतले विणकरांचे एक गाव जाळले. वाचलेले विणकर बायकामुलांसह पुष्करच्या आश्रयाला आले. मागोमाग शैलकूटचा दूत कौंडल आला.

"विणकर परत द्या, नाहीतर मीठ बंद," एवढाच त्याचा निरोप होता.

परत गेलेले विणकर जिवंत राहणार नाहीत, हे पुष्करला ठाऊक होते. तरी मिठावाचून प्रजा उठेल या भीतीने त्याने मनातल्या मनात होकार ठरवून टाकला. जेवण झाले की उत्तर सांगतो, एवढेच तो कौंडलला म्हणाला.

पाने मांडली. पानात सगळ्यात आधी मीठ वाढायची तिथली रीत. कौंडलच्या पानात भात आला, वरण आले, मिठाची जागा रिकामीच राहिली. पुष्करने घाईने घास घेतला आणि त्याचा हात थांबला. वरणही अळणी होते. पाहुण्यासमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"वाढप्याला बोलवा," तो पुटपुटला.

"त्याची चूक नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "आज नगरात सगळ्याच चुली अळणी आहेत. विणकर द्यायचे की मीठ सोडायचे, हे मी घरोघरी विचारून आलो. एका कुंभारणीने तर मलाच झापले, एवढंसं विचारायला अमात्य कशाला यायला हवेत म्हणून. उरलेले मीठ लोकांनी गुरांसाठी आणि आजाऱ्यांसाठी काढून ठेवले आहे."

ज्या प्रजेला पुष्कर भ्याला होता, तिने त्याच्याआधीच उत्तर दिले होते.

कौंडलचा चेहरा उतरला. "म्हणजे आता आमच्या घोड्यांना कुरणे बंद."

"नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "गाव घोड्यांनी जाळले नाही. कुरणे उघडीच राहतील. आज ना उद्या तुम्हा-आम्हाला एकमेकांशी बोलावेच लागेल, तेवढी वाट कशाला मोडायची? विणकर मात्र मिळणार नाहीत."

वाटेसाठी मीठ बाळगायची डोंगरातल्या लोकांची सवय. कौंडलचा हात नकळत कमरेच्या पिशवीकडे गेला. त्याने ती सोडली, पंगतीकडे पाहिले, पुन्हा बांधली आणि तसाच भात कालवला.

"महाराज काही सांगणार होते," आचवताना तो म्हणाला.

"अमात्य बोलले, तेच माझे उत्तर," पुष्कर म्हणाला.

ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्खुसंघाला म्हणाले, "भिक्खूंनो, कौंडल म्हणजे सरहद्दीवरून आलेला हा वृद्ध भिक्खू. पुष्कर म्हणजे दाराशी बसलेला हा तरुण. अळणी जेवणारे नगरवासी म्हणजे तुम्ही, आणि अमात्य मी होतो."

शरण आलेल्याला सोडत नाही आणि वैऱ्याचीही वाट बंद करीत नाही, ती मैत्री.