मोकळा श्वास

जुन्या मोटारी रस्त्यावर होत्या त्या काळी, एका मोटारीचा, हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला देणारा कार्बोरेटर एअर फिल्टरवर कुरकुरत असे. “काका, तुमच्यामुळे मला मोकळा श्वास घेता येत नाही!”

“श्वास पुरेसा मिळतो, बाळा. अडते ती धूळ.”

“त्या म्हाताऱ्याचं काय ऐकतोस?” गॅरेजच्या फळीवरचा, हवा न गाळता थेट आत सोडणारा चकचकीत, उघडा भोंगा हसला. “मला लावून बघ!”

मिस्त्रींनी गॅरेजच्या धुतलेल्या फरशीवर मोटार उभी करून फिल्टरच्या जागी भोंगा लावून पाहिला. इंजिन जोरात गरजले, आणि तेवढ्याच पुराव्यावर फिल्टर कायमचा उतरवला गेला.

मोटार महिनाभर खडीच्या खाणीकडे धावली. मग इंजिनाच्या पोटातून पिस्टन कण्हला, “दादा, माझ्या अंगभर ओरखडे पडलेत.”

“मला तर काहीच झालं नाही,” कार्बोरेटर चकित होऊन म्हणाला.

“कसं होईल? तुम्ही धुळीला नुसती वाट दिलीत. मुक्कामाला ती माझ्याकडे आली.”