एकाच पातेल्यातलं

पाद्री अमोलिकसाहेब ग्रीक शिकून आले आणि तेव्हापासून आमच्या मंडळीला स्वस्थता नाही. यंदा मंडळीचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या जागेसाठी रिबेकाबाईंचं नाव पुढे आलं. वीस वर्षं मंडळीतल्या आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं त्याच बघतात. पण नाव ऐकताच "बाई आणि डीकन?" म्हणत साहेब वेदीसमोर येरझाऱ्या घालू लागले.

"पण साहेब, नव्या करारात फिबी नावाच्या बाईला मूळ ग्रीकमध्ये 'दियाकोनोस'च म्हटलंय ना?" कुणीतरी चाचरत विचारलं.

"तिथे त्याचा अर्थ नुसती सेविका!" साहेब कडाडले. "तोच शब्द पुरुषाला लावला की अर्थ होतो अधिकारी, डीकन. माणूस बघून अर्थ लावायचा असतो. जेवणानंतर मी हे नाव खोडणार!"

प्रीतिभोजनाला पंगती बसल्या, एक बायकांची, एक पुरुषांची. वाढायला नेहमीप्रमाणे रिबेकाबाई. बायकांच्या वाट्यांत मटणाचे तुकडे पडले आणि पुरुषांच्या वाट्यांत वरचा पातळ रस्सा. पुरुषांची चुळबुळ सुरू झाली.

साहेबांनी वाटी ढवळून पाहिली. "अहो, मटण कुठंय?"

"हेच की, साहेब. पातेलं एकच आहे. बायकांना वाढलं की मटण, पुरुषांना वाढलं की रस्सा. माणूस बघून."

"असं कुठं असतं होय? एका पातेल्यातलं सगळ्यांना सारखंच मिळायला पाहिजे!"

रिबेकाबाईंनी पळी तळापर्यंत घातली आणि साहेबांच्या वाटीत चांगले चार तुकडे वाढले.

"जेवा पोटभर. आणि जेवणानंतर उभं राहून एवढंच वाक्य पुन्हा म्हणा."