हौसाक्काचा लेख

आमच्या घोटवाडीत हौसाक्का सुईणीनं साठ वर्षं बाळंतपणं केली. शाळेतल्या दुधाळबाईंनी तिच्यावर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लेख धाडला, तर परीक्षक चंद्रहास इनामदारांनी तो पुरावा नाही म्हणून दोनदा परत केला. तिसऱ्यांदा नाकारला की कायमचा बंद, आणि हौसाक्का तर नव्वदीची!

तेवढ्यात इनामदारच गावात स्वतःच्या सत्काराला आले. बाईंनी पुराव्याची दोन छापील पुस्तकं पुढे केली.

"चालणार नाहीत," साहेब शाल सावरत म्हणाले. "दोन्ही लेखक तिच्याच हातून जन्मलेले. ज्याचा तिच्याशी संबंध, त्याचं मत बाद. नियम आहे."

मी चौथी नापास, तरी नियम लगेच पटला. हात जोडून विचारलं, "साहेबांचा जन्म कुठला?"

"इथलाच! भूमिपुत्र म्हणूनच तर सत्कार आहे," साहेब फुलले.

"मग साहेबांना बाहेर कुणी काढलं?"

"मीच की," कोपऱ्यातून हौसाक्का म्हणाली. "पायाळू होता. लई छळलं मेल्यानं!"

"म्हणजे साहेबांचंही मत बाद," मी म्हणालो. "लेख परगावच्या परीक्षकाकडे द्या."

साहेबांनी तो लगेच दिला. चार दिवसांत तो मंजूर झाला.  साहेब म्हणजे शेवटी नियमाचा माणूस!