थरथरत्या हातातला रेझर

‘पेलणे’ या क्रियापदाचा अर्थ आपण आताशा ढिलाईने ‘उचलणे’ असा करतो. तो पुरेसा नाही. उचललेली वस्तू सर्वस्वी आपल्या बळावर असते. पेललेल्या वस्तूचे वजन तिच्यापाशीच राहते. आपण त्याला आधार तेवढा देतो. गोवर्धन मुठीत आवळला असे कोणी म्हणत नाही, तो करंगळीवर पेलला. पुढील हकीकतीत हा शब्द एकदाच येतो, पण त्याच्या जागी दुसरा ठेवता येत नाही.

“...आणि महाराज, हात आपला थरथरतो. माझा स्थिर आहे. मग रक्त माझ्याच हातून का येते?”

विचारणारा अच्युत मुळ्ये. वय अठ्ठावीस. न्यायशास्त्राच्या परीक्षेत पहिला आलेला, आणि संन्यासदीक्षेच्या इच्छेने तीन वर्षे कृष्णाकाठच्या एका लहानशा मठात राहिलेला.

ज्यांना विचारले ते मठाचे अधिपती, पूर्णबोधस्वामी. वय अठ्ठ्याहत्तर. कंपवाताने त्यांचे दोन्ही हात अखंड हलत. ताकाची वाटी ओठांपर्यंत पोचेतो निम्मी छाटीवर सांडलेली असे.

पण दर दोन महिन्यांनी, ऋतू पालटण्याच्या पौर्णिमेला, दाढी आणि डोके ते स्वतः करीत. विहिरीजवळच्या ओट्यावर, आरशावाचून. तांब्याभर कोमट पाणी, साबणाची वडी आणि एक जुना पितळी रेझर, इतकेच साहित्य. तो रेझर त्या थरथरत्या हातात असा चाले की पाहणाऱ्याने आपले काम विसरावे. फेसाचा एकेक पट्टा निघे आणि खाली स्वच्छ कातडी दिसे. तीस वर्षांत तेथे तुरटीची गरज पडली नव्हती.

अच्युताची गोष्ट वेगळी होती.

त्या मठात दीक्षा वर्षातून एकदाच, आषाढी पौर्णिमेला देत. त्या सकाळी दीक्षार्थ्याने मठातील सर्वांत वृद्ध संन्याशाचे क्षौर करायचे, अशी जुनी चाल होती. रक्ताचा एक थेंब दिसला, तरी दीक्षा वर्षभर पुढे जाई. त्या वेळी सर्वांत वृद्ध होते नरहरिस्वामी. वय एक्क्याण्णव. डावे अंग लुळे, वाचा गेलेली. दुखले तर सांगण्याचीही सोय नाही.

वैशाखी पौर्णिमेला अच्युताने सराव म्हणून त्यांचे क्षौर केले होते. तीन ठिकाणी कापले. आषाढी आता बारा दिवसांवर होती.

स्वामींनी विचारले, “पाते नवे होते?”

“नवे होते.”

“कातडी भिजवली होती?”

“गरम पाण्याचा पंचा ठेवला होता. फेसही भरपूर केला होता.”

“कार्य आहे आणि कारण दिसत नाही... तुमच्या शास्त्रात हे चालते का, न्यायतीर्थ?”

अच्युत वरमला. मग त्याने आपली बाजू मांडली. रेझर निसटू नये म्हणून आपण तो मुठीत घट्ट धरतो. एकाच फटक्यात सारे निघावे आणि वृद्धाला त्रास कमी व्हावा म्हणून किंचित दाबतो. दोष हातात नसून उपकरणात असावा. शहरात हल्ली तीन-तीन पात्यांचे रेझर मिळतात, त्यांतला एक मागवावा, असेही त्याने सुचवले.

स्वामींनी सारे ऐकून घेतले. म्हणाले, मागवा, तीन पाती असली म्हणजे एका फटक्यात तीनदा कापता येईल.

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे हसले. अच्युत हसला नाही. बारा दिवसांनी काय होणार, हे त्याला दिसत होते.

स्वामींनी ते पाहिले. त्यांनी साबण आणि पाणी मागवले, स्वतःच्या गालाला फेस लावला आणि रेझर उचलला. अंगठा आणि दोन बोटे, तीही दांड्याच्या पार टोकाशी. हात नेहमीसारखा हलत होता. बोटांच्या चिमटीत दांडाही हलत होता. गालावर टेकलेले रेझरचे डोके मात्र आपल्याच वजनाने बसले होते, नावेत निजलेल्या माणसासारखे.

“माझे मनगट धर.”

“महाराज?”

“कंप थांबव माझा. तुझा हात स्थिर आहे ना...”

अच्युताने दोन्ही हातांनी मनगट धरले. आधी भीत भीत, मग स्वामींनी नजरेने सांगितल्यावर घट्ट.

रेझर दोन बोटे खाली आला.

फेसातून एक तांबडा ठिपका वर आला. वाढला. हनुवटीपर्यंत ओघळला.



अच्युताने हात असे सोडले, जणू चटका बसला होता. स्वामींनी तर्जनीने रक्त टिपून पाहिले. त्यांच्या मुद्रेवर राग नव्हता. एखादा जुना ओळखीचा बऱ्याच वर्षांनी भेटावा, तसे काहीसे होते.

“कंप थांबला?”

“नाही.”

“मग कुठे गेला?”

अच्युताने रेझरकडे पाहिले.

“...पात्यात गेला, महाराज.”

स्वामींनी मान हलवली. मग महादबांची आठवण सांगितली. महादबा म्हणजे मठाचे पूर्वीचे न्हावी. चाळीस वर्षे त्यांनी मठातल्या सर्वांची डोकी केली. डोळे अधू झाले तेव्हा वस्तरा थांबवला आणि हा पितळी रेझर आणून स्वामींच्या हाती दिला. स्वामींनी तो अगदी अच्युतासारखाच मुठीत घेतला होता. महादबा हसले होते. स्वामींनी त्यांचे वाक्य त्यांच्याच बोलीत सांगितले, एक अक्षर न बदलता.

“सामी, ह्ये धरू नगा. निस्तं पेलून ठिवा. भार त्येचा त्येला हाय.”

हे सांगताना स्वामींनी हात जोडले. मठात त्यांना असे हात जोडताना क्वचितच कोणी पाहिले असेल.

पुढचे बारा दिवस अच्युत रोज ओट्यावर बसे. प्रथम पाते काढून, नुसता फेस उतरवीत. मग स्वतःच्या गालावर. पहिले चार दिवस बोटे आपोआप आवळत. ध्यानात आले की तो थांबे, रेझर पाण्यात बुडवून पुन्हा टोकाशी धरी. त्याने लांब फटके सोडले. केसांच्या कलाने, बोटभर, मग पाणी, मग पुन्हा बोटभर. सातव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या गोदूबाई जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, आता बरं दिसतंय. मागं तुम्ही नारळ सोलता आहात, असं वाटायचं.”

आषाढी पौर्णिमा आली.

नरहरिस्वामींना उशांच्या आधाराने बसवले होते. पूर्णबोधस्वामी त्यांच्या पाठीशी, डोके आपल्या छातीला टेकवून घेऊन बसले. अच्युताने पंचा ठेवला, फेस केला आणि डोक्यापासून आरंभ केला.

येथून पुढचे सांगताना सर्वत्र चूक होते. प्रवचनांतून सांगतात की त्या सकाळी रक्ताचा टिपूसही आला नाही; अच्युताला त्याच सायंकाळी भगवी वस्त्रे मिळाली; आणि स्वामी म्हणाले, ‘ज्याने मूठ उघडली, तो संन्यासी झाला.’ वाक्य गोजिरे आहे. स्वामींचे नाही. ते असे बोलत नसत.

घडले ते असे. डोके निर्विघ्न झाले. दोन्ही गाल झाले. तेथवरचे काम इतके सुबक होते की गोदूबाई दाराशी उभ्या राहून पाहत राहिल्या. मग उजव्या कानाच्या पाळीखाली, जेथे कातडी सैल होऊन दुमडली होती, मोहरीएवढा एक थेंब दिसला.

पाठीशी बसलेल्या स्वामींना तो दिसत नव्हता. दाराशी उभ्या असलेल्यांनाही नाही. पंचा अच्युताच्या खांद्यावरच होता.

त्याने रेझर तांब्यात सोडला.

“महाराज, रक्त आले.”

चाल ती चाल. दीक्षा वर्षभर पुढे गेली, आणि पुढल्या आषाढीला झाली. पण त्या क्षणी अच्युताला ठाऊक होते ते इतकेच, की हे वर्ष गेले. तो नमस्कार करून उठू लागला.

तेव्हा नरहरिस्वामींनी, मोठ्या कष्टाने, आपली हनुवटी वर केली. फेस लावलेला उघडा गळा त्याच्यासमोर आला, आणि तसाच राहिला.

पूर्णबोधस्वामींना छातीवर त्या डोक्याची हालचाल कळली.

“अच्युता,” ते म्हणाले, “खाली बस... गळा राहिला आहे.”