चनाप्पाशेटची वाकळ

"मला बघितलं की गावातली कुत्री भुंकायची थांबतात!" असं छाती काढून सांगणारे एक चनाप्पाशेट एका गावात होते. लगेच तेच मिशीत हसायचे, "थांबतात, आणि चावतात." गुळाचा व्यापार मोठा, शाळा तिसरीपर्यंत, थट्टा जन्मभराची.

बायको गेल्यापासून घर मात्र मुकं झालं होतं. थट्टा करावी तर भिंतींची. म्हणून शेट सोबतीला जनावर आणायला सुंद्राक्काच्या आसऱ्यावर गेले. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात अक्का बेवारशी कुत्र्यामांजरांना सांभाळायची, त्यांना घरं शोधून द्यायची. तिथे अजून गुळाचा वास रेंगाळायचा. रस आटवायच्या जुन्या गोल काहिलीत मांजरीची पिल्लं निजलेली असली, की धुक्यात वाटे, चंद्रच जमिनीवर उतरून पेंगतोय.

अक्काची एक रीत होती. ज्याला जनावर हवं, त्यानं घरातलं वापरातलं अंथरूण आणायचं. त्यावर जे आपणहून निजेल, ते त्या घरचं. वास ओळखीचा झाला, की नव्या घरातून ते पळत नाही. तीन खेपांत कुणीच निजलं नाही, तर रिकाम्या हातानं परत.

शेटनी ऐटीत कोरा मखमली गालिचा आणला. त्याच्याकडे पिसूसुद्धा फिरकली नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी चादरीला मटणाचा रस्सा चोळला. सगळ्यांनी चादर चाटून लख्ख केली आणि निजायला गेली आपापल्या कोपऱ्यात.

उरली एक खेप. शेट रोज पांघरायचे ती बायकोच्या हातची वाकळ, जुन्या लुगड्यांची, ठिगळाठिगळांची. पाहुणा आला की लाजून ट्रंकेत दडवायचे. त्या संध्याकाळी तीच काखेत मारली आणि मान खाली घालून आसऱ्यात अंथरली.

धुकं उतरत होतं. दोन वर्षं कुणीच न नेलेली लंगडी कुत्री आली. वाकळ हुंगून स्वतःभोवती तीनदा फिरली आणि निळ्या ठिगळावर नाक टेकून निजली. तिच्या श्वासासरशी वाकळ हळूहळू वरखाली होऊ लागली. शेट कितीतरी वेळ बघत राहिले.

मग डोळे पुसले, आणि थट्टा सुचलीच. "अक्का, एवढी सगळी सोडून लंगडीच पडली की गं माझ्या पदरात!"

अक्का म्हणाली, "आणि तिच्या पदरात कोण पडलं, ते तिला कुणी विचारलंय का, शेट?"

तात्पर्य: बेघर जिवाला घर द्यायचं, तर आपलं खरं घर ठिगळांसकट त्याच्यापुढे अंथरावं, थाटामाटाला कुणी जीव लावत नाही.