बिनडोळ्या भुंगेऱ्याचं बारसं

फार जुन्या एका आमराईत मातीखालच्या गांडूळमावशीला वरच्या माणसांचं बोलणं अर्धंच ऐकू आलं. "बिनडोळ्यांचा भुंगेरा सापडला, तर त्याला मोठं नाव देऊ, आणि मग..."

मावशी लगबगीने शेजारच्या आंधळ्या भुंगेऱ्याकडे गेली. "अरे, तुझं बारसं ठरलंय."

"आणि मग काय, मावशी?"

अर्धी बातमी सांगणं मावशीला कमीपणाचं वाटे. "मग चांगल्या घरात मानाने ठेवतील की. जा वर."

भुंगेरा अंग झटकून, ऐटीत वर गेला.

काही दिवसांनी तेच आवाज आले. "नाव आपल्या साहेबांचंच दिलं. काचेची पेटी झकास आहे. टाचणीही पाठीत नीट बसली. आता याचे भाऊबंद शोधू."

"काय म्हणतात, मावशी?" भुंगेऱ्याच्या भावाने विचारलं.

"नाव मिळालं हो, मोठं मिळालं," मावशी हळूच म्हणाली. "तू मात्र आणखी खोल जा."